अकरा खराब ठोकळे

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई वयाने तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, तरी त्यासुद्धा मावशीच म्हणत, आणि मावशीची त्याला काही हरकत नव्हती. हरकत एकाच गोष्टीला होती. तिच्या यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

यंत्र म्हणजे छातीएवढ्या उंचीची एक थंडगार पेटी. वर काचेचं सरकतं झाकण, आत उणे वीस अंश, आणि त्या गारठ्यात घट्ट बसवलेलं एक पातं. पात्यासमोर गोठवलेला ठोकळा बसवायचा. ठोकळ्याच्या पोटात उंदराच्या न जन्मलेल्या पिल्लाचा मेंदू, वाटाण्याहून लहान. पेटीच्या उजव्या अंगाला एक चाक. चाकाचा एक फेरा झाला की ठोकळा पात्यावरून खाली उतरतो आणि मेंदूचा एक पापुद्रा सुटतो. आपल्या डोक्यावरच्या एका केसाचे उभे चार भाग केले तर एकेक भाग जेवढा जाड होईल, तेवढा तो पापुद्रा. सुटला रे सुटला की तो गुंडाळी होऊन बसायला बघतो. म्हणून बारीक कुंचल्याने त्याचा काठ अलगद दाबून धरायचा आणि काचपट्टीवर उचलायचा. उजवा हात चाकावर, डावा कुंचल्यावर. जिथे जिथे हे काम शिकवतात तिथे असंच शिकवतात.

मावशीची रीत वेगळी होती. चाकाच्या मुठीला तिने एक कापडी फास बांधला होता. त्यात ती उजवं मनगट अडकवायची, बोटं सैल सोडायची आणि चाक थेट खांद्यातून फिरवायची. नवे विद्यार्थी ते बघून गालातल्या गालात हसायचे. मग त्यांचे स्वतःचे पापुद्रे चोळामोळा होऊन निघायचे, मावशीचे एकामागून एक सपाट उतरायचे आणि हसू जागच्या जागी जिरायचं. तेहतीस वर्षं हेच चाललं होतं. "मनगट धरतं हो माझं," ती सांगायची. लोकांना ते लगेच पटायचं, कारण अमुक वयानंतर बाईमाणसाचं काही ना काही धरतंच असा लोकांचा ठाम समज असतो.

मनगट ठणठणीत होतं. भानगड अशी होती की मावशीने उजव्या हाताची मूठ आवळली की डाव्याचीही आवळली जायची. ती लिहायला बसली की डावा हात टेबलावर रिकामाच लिहायचा, तोही उलट्या दिशेने. दारावरची घंटा वाजवली की डावं बोट हवेत दुसरी घंटा वाजवायचं. ओले कपडे तिला पिळता येत नसत, दोन्ही मनगटं एकदमच वळत आणि पिळा काही पडत नसे. खांदा आणि कोपर मात्र गुणी होते, सगळा दंगा मनगटाच्या खालचा. हे तिने एकटीने, वर्षानुवर्षं स्वतःला निरखून शोधून काढलं होतं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही शोधाला कमी न लेखता सांगायचं तर हा शोधही काही लहान नव्हता, आणि त्याच्यावर तिची नोकरी उभी होती. पण तो ती कुणाला सांगणार?

लहानपणी आईने त्याला हट्ट म्हटलं होतं. "मनावर घेतलं की जातं," आई म्हणायची, आणि अभ्यासाला बसवताना तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायची. आई काही कैदाशीण नव्हती. गाठ सैल ठेवायची, सोडल्यावर मनगटाला तेलही चोळायची. हात तसूभर सुधारला नाही. मुलगी लपवण्यात तेवढी तरबेज झाली. हात खिशात, हात पाठीमागे, हात मांडीखाली. पुढे पुढे हे इतकं अंगवळणी पडलं की तिलाच वाटू लागलं, आईचं बरोबर होतं, आपण सुधारलो. जे थोडंफार उरलंय ती आपलीच ढिलाई. नवऱ्याला तिने कधी सांगितलं नाही. तो बिचारा जाईपर्यंत बायकोला जरा चुळबुळी समजत राहिला. लेक झाली, तिच्यात या गोष्टीचा मागमूस नव्हता, आणि मावशी मनातल्या मनात म्हणाली, चला, आपल्याबरोबर संपलं.

मग नात झाली. काहीही खायला दिलं की दोन्ही हातांत धरून कुरतडायची म्हणून तिचं नाव पडलं खारू. घरातले कौतुकाने हसायचे. मावशी हसायची नाही. एक हात तोंडाकडे गेला की दुसऱ्या हाताची बोटं कशी मिटतात ते तिला पहिल्या वर्षीच दिसलं होतं.

आता खारू सात वर्षांची होती. लेक दिवसभर कामावर, त्यामुळे संध्याकाळचा अभ्यास आजीकडे. आजीने शिस्त लावली होती. लिहिताना डावा हात मांडीखाली ठेवायचा, त्यावर बसायचं. हात निसटला की एक ओळ जास्त. पोरगी मुळात गोड आणि ऐकणारी, म्हणूनच ते जास्त वाईट. ती मुकाट्याने हातावर बसायची, हात निसटायचा, ओळी वाढायच्या. हल्ली ती त्या हाताला "हा घाणेरडा" म्हणायला लागली होती. परवा आजीने पाठ फिरवली तेवढ्यात तिने त्याला चावा घेतला. दातांची खूण बघून लेक आईपाशी आली.

"आई, फार होतंय का गं हे?"

"आता सोडलंस तर जन्मभर रडेल. मनावर घेतलं की जातं," मावशी म्हणाली, आणि आपण कुणाच्या आवाजात बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

एवढ्या कडकपणालाही एक कारण होतं, आणि ते कारण प्रयोगशाळेत होतं. गेलं वर्षभर मावशीचे पापुद्रे फाटत होते.

फाटणारे पापुद्रे सगळे लंबूताईच्या कामातले होते. लंबूताई म्हणजे तीन वर्षांपासून इथे संशोधन करणारी एक पोरगी. दारातून येताना वाकायची आणि आत आल्यावर ताठ व्हायचं विसरायची. तिने चाळीस ठोकळे कापायला दिले होते. ठोकळ्यांवर फक्त आकडे. कुठलं पिल्लू कुठल्या जातकुळीचं, ती यादी मोठ्या बाईंच्या कपाटात बंद, म्हणजे कापणाऱ्याचं किंवा मोजणाऱ्याचं मन कुठल्याच बाजूला झुकायला नको. मावशीने कापायला घेतले. चौथा ठोकळा मेंदूच्या मध्यापर्यंत आला, आणि काचपट्टीवर पापुद्रा उतरला तो मधोमध दोन तुकडे होऊन. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. कुंचला डाव्या हातात होता. हात हलला असणार, दुसरं काय? तिने नोंदवहीत लिहिलं, "ठोकळा चार. खराब. मधे फाटला. हात हलला."

वर्षभरात असे अकरा झाले. लंबूताईला ती फक्त "खराब निघाला गं" एवढंच सांगायची. गोठवलेले ठोकळे कधी कधी तडकतात, म्हणून लंबूताईनेही खोलात जाऊन विचारलं नाही. बाकीचे एकोणतीस सुरेख उतरले होते. पण मावशीची झोप उडाली. साठीला आल्यावर आपली पकड सुटत चाललीय, जन्मभर दाबून ठेवलेला हात आता डोकं वर काढतोय, या विचाराने ती आतून पोखरली गेली. आपलं जे व्हायचं ते होवो, निदान खारूचं आत्ताच आवळलं पाहिजे, असं तिने ठरवलं. मांडीखाली ठेवून भागत नाही, आता बांधायचाच. गुरुवारी तिने जाड कापडाचा एक पट्टा शिवला, आतून मऊ अस्तर लावलं, आणि शुक्रवारी संध्याकाळपासून तो वापरायचा असं लेकीला सांगून टाकलं. आईपुढे तिचं कधी चाललं होतं म्हणून आता चालणार?

शुक्रवारी सकाळी मावशी पेटीचं पातं पुसत होती. लंबूताई दारात येऊन उभी राहिली. हातात कागद, चेहरा उतरलेला.

"मावशी, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"आज बाईंनी यादी उघडली. मी मोजलेले एकोणतीस ठोकळे सगळे साध्या उंदरांचे निघाले. आणि ज्यांच्यातला बिघाड शोधायला मी तीन वर्षं घालवली, ती पिल्लं होती अकरा. ते अकराच्या अकरा तुमच्या वहीत खराब लिहिलेत." ती जरा थांबली. "एखाददुसरा असता तर मी नशिबाला बोल लावला असता. अकरा कसे होतील?"

मावशीने पातं खाली ठेवलं. चोरी पकडली गेल्यासारखं तिला झालं, आणि चोरी केलेलीच नसताना असं होणं फार वाईट असतं.

"माझ्या हाताचं आहे ते," ती म्हणाली. "डावा हात हलतो माझा. लहानपणापासून. फास त्यासाठीच आहे, मनगटाबिनगटाचं काही नाही. मी उगीच सांगत आले इतकी वर्षं. तुझी तीन वर्षं मी वाया घालवली गं."

लंबूताईने भलताच प्रश्न विचारला. "फाटलेले पापुद्रे टाकून दिलेत?"

"टाकते कशाला? न जन्मलेल्या जीवाचं असतं ते. आहेत सगळे, खालच्या खणात."

दोघींनी खण रिकामा केला. लंबूताईने पुढचं बरंच काम स्वतः उरकलं, म्हणजे धागे तेवढे उजळणारं रसायन चढवणं, धुणं, वाळवणं, आणि दुपारी तिने मावशीला सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत हाक मारली. तिथे काळा पडदा ओढलेला होता. मावशी त्या खोलीत एरवी जात नसे. ती कापणारी, बघणारे दुसरे, अशी तिथली वाटणी होती.

"आधी हा साधा बघा."

मावशीने डोळा लावला. काळ्याभोर अंधारात हिरवे धागे उजळले होते. दोन्ही बाजूंनी ते वरून वळत वळत खाली येत होते, मध्यावर एकत्र होत होते आणि एकमेकांच्या शेजारून पलीकडे जात होते. डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे. किती असतील याचा अंदाजही करवेना.

"आता हा. तुमचा चार नंबर."

इथेही धागे तितकेच होते, तितक्याच हिरव्या रंगाचे. तेही वळत वळत मध्यापर्यंत येत होते. आणि तिथे येऊन मागे फिरत होते. प्रत्येक बाजूला, आपापल्या काठाशी, त्यांचा एक मोठा भोवरा झाला होता.

"काठ बघा, मावशी. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त फाटलेले पापुद्रे बघितलेत. फाटलं की काठ कसा दिसतो?"

"चिंध्या लोंबतात."

"इथे दिसतात?"

मावशीने बारीक स्क्रू फिरवून काठ स्पष्ट केला. काठ गुळगुळीत होता, पातळशा त्वचेने नीट बंद झालेला. वरपासून खालपर्यंत कुठे एक धागा तुटलेला नव्हता. तिने दुसरा पापुद्रा मागितला, मग तिसरा. अकराही ठोकळ्यांचे तिने बघितले. सगळीकडे तोच बंद काठ आणि तेच दोन भोवरे.

"हे फाटलेलंच नाही," ती हळू म्हणाली. "हे कधी जुळलंच नव्हतं."

"नव्हतं. तुमचा हात एकदाही हलला नाही, मावशी."

मावशी स्टुलावर तशीच बसून राहिली. वर्षभराचं ओझं उतरलं म्हणून तिला हलकं वाटायला हवं होतं. पण मागे फिरलेल्या त्या धाग्यांवरून तिचं मन हटत नव्हतं. तेहतीस वर्षं तिने मेंदू कापले होते. कितव्या दिवशी कुठला थर किती जाड असतो हे तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. पण तिच्यासमोर नेहमी थांबलेला मेंदू यायचा. त्यात कुणी कुठून कुठे निघालंय, ही गोष्ट तिच्या मनात कधी आली नव्हती.

"यांना रस्ता सांगतं कोण?" तिने विचारलं.

लंबूताईला कुणीतरी हे विचारावं म्हणून ती तीन वर्षं वाटच बघत असावी. पाठ ताठ करून ती पहिल्यांदा तिच्या पूर्ण उंचीची दिसली.

"प्रत्येक धागा एका पेशीतून निघतो. त्याला डोळे नसतात. त्याच्या शेंड्याला बारीक बारीक बोटं असतात, ती सारखी चाचपत असतात. त्या बोटांच्या बाहेरच्या अंगावर रिसेप्टर बसलेले असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या कातडीत रोवलेला एक रेणू, थोडा बाहेर, थोडा आत. बाहेरच्या टोकाला एकाच गोष्टीचा वास कळतो. मध्यरेषेवरच्या पेशी नेमकी तीच गोष्ट सोडत असतात. ज्या बोटाला वास जास्त लागतो, त्या बाजूला शेंडा सरकतो. बाहेर वास लागला ही वर्दी आत पोचवायची ती रिसेप्टरच्या शेपटीने. या अकरा पिल्लांत ती शेपटी तुटकी आहे. वास येतोय, पण आत खबरच नीट जात नाही."

"आणि मध्यावर पोचल्यावर? वास तर तिथेच सगळ्यात जास्त. मग तो तिथेच घोटाळत बसायचा."

लंबूताईने तिच्याकडे जरा चमकून बघितलं. "हे कळायला लोकांना कैक वर्षं लागली. मध्य ओलांडताना धागा स्वतःच बदलतो. तिथला वास गोड आहे असं सांगणारा रिसेप्टर गप्प होतो आणि अंगावर दुसरा चढतो, त्याला तीच जागा कडू लागते. मग ती जागाच त्याला पुढे ढकलते. परत यायचं नाव नाही."

"तीच जागा," मावशी म्हणाली. "अलीकडून गोड, पलीकडून कडू."

"तीच."

"आणि असे किती धागे म्हणालीस?"

"माणसात, मेंदूच्या दोन बाजू जोडणाऱ्या नुसत्या या एका पुलावर, वीसेक कोटी. सगळे आईच्या पोटात असतानाच निघतात."

"नकाशा कुणाकडे असतो?"

"कुणाकडेच नाही, मावशी. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचं पाऊल कळतं."

मावशीने पुन्हा डोळा लावला. या वेळी साध्या पिल्लाचा पापुद्रा होता. वीस कोटी आंधळे धागे, एकेक बोट पुढे टाकत, अंधारात नाक लावून निघालेले, आणि त्यातले बहुतेक सगळे बरोबर घरी पोचतात. आपण बोलतो, चालतो, भांडतो, हिशेब चुकवतो, ते या पोचण्याच्या जिवावर. ती स्वतः आईच्या पोटात असताना तिच्याही डोक्यात हे झालं होतं. ती सूक्ष्मदर्शकापासून उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"त्यांच्यातले मोठे झालेले दाखवू?" लंबूताई म्हणाली. "रिसेप्टरची शेपटी तुटकी असली तरी काही जगतात."

उंदरांची खोली मागच्या बाजूला होती. भुशाचा उबदार वास, पिंजऱ्यांच्या रांगा आणि पंख्याची घरघर. लंबूताईने एक पिंजरा ओढून टेबलावर ठेवला आणि त्यातला एक तपकिरी उंदीर मोकळ्या खोक्यात सोडला. उंदीर क्षणभर वास घेत थांबला आणि निघाला. तो चालत नव्हता. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, एकदम टेकवून, तो टुणटुण उड्या मारत कोपऱ्यापर्यंत गेला. तिथून वळला आणि तसाच परत आला.

"एका पायाला धाडलेला हुकूम दोन्ही पायांना जातो," लंबूताई म्हणाली. "खालीही, पाठीच्या कण्यात, बाजू बदलायची असते ना धाग्यांना. तिथेही गोंधळ होतो."

मावशीने खोक्याच्या कडेवर दोन्ही हात टेकले होते.

"माणसांत होतं का हे?"

"इतकं नाही होत. पण काही घरांत असतं. रिसेप्टर घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. त्यातली एक बिघडलेली, दुसरी धड. वरचा पूल बहुधा नीट होतो. पण मेंदूतून हाताकडे जाणारे धागे मानेपाशी बाजू बदलतात, तिथे थोडे धागे न बदलता आपल्याच बाजूने खाली उतरतात. मग उजव्या हाताला निरोप धाडला की तो डाव्यालाही…"

वाक्य तिथेच राहिलं. लंबूताई मावशीच्या हातांकडे बघत होती. सकाळी मावशीने हाताचं सांगितलं होतं, पण फाटलेल्या पापुद्र्यांच्या नादात ते तिच्या कानावरून गेलं होतं. तीन वर्षं ती या बाईच्या शेजारी काम करत होती.

मावशीने उजवा हात उचलला आणि बोटं एकेक करून मिटली. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटली. तिने उजवी उघडली. डावीही उघडली. कुणासमोर मुद्दाम असं करून दाखवायची ही तिची आयुष्यातली पहिलीच वेळ. शेजारी उंदीर टुणटुणत होता.

"मी काही डॉक्टर नाही," लंबूताई म्हणाली. "तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण मावशी…"

"एखादी पिढी सोडून येतं का?"

"येतं कधी कधी. बिघडलेली प्रत असते, पण हातात दिसत नाही."

"आणि मनावर घेतलं तर जातं का?"

लंबूताईने खोक्याकडे बोट दाखवलं. "याने मनावर घेतलं तर हा चालेल?"

मावशी त्या उंदराकडे बघत राहिली. तो कोपऱ्यात बसून मजेत मिशा साफ करत होता. आपण चुकतोय असं त्याच्या गावीही नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मावशी त्या दिवशी तासभर आधी निघाली. घर दोन थांबे दूर होतं, पण ती बसमध्ये चढली नाही, चालतच राहिली. रस्त्यावर माणसंच माणसं होती. कुणी एका हातात छत्री धरून दुसऱ्याने फोन कानाला लावला होता. फळवाला एका हाताने तोलत होता आणि दुसऱ्याने पिशवी उघडत होता. एक बाई कडेवरचं मूल सावरत चपलेचा पट्टा लावत होती. मावशीला त्यांच्या त्या साध्या कामांकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेनाही. एवढं सगळं कधीकाळी आपापल्या आईच्या पोटात, कुणी न सांगता, बरोबर जुळलं. आणि जिथे जुळलं नाही तिथे काय केलं? खुर्चीला बांधलं. आईचा तिला राग आला नाही, आईला बिचारीला कोण दाखवणार होतं? पण स्वतःचा आला. खारूच्या हातावरची दातांची खूण तिला डोळ्यांपुढून हलवता येईना.

लेक त्या दिवशी लवकर आली होती. तिने दार उघडलं, चेहरा ओढलेला. "बसलीय ती. तो पट्टा कुठे ठेवलायस? म्हणजे एकदाचं होऊन जाऊ दे."

पट्टा मावशीच्या पिशवीत होता. तिने तो बाहेर काढला, लेकीच्या हातात दिला आणि म्हणाली, "उसव हा. कापड चांगलं आहे, कशाला तरी होईल."

"अगं, पण तूच तर…"

"आणि आत ये. तुलाही बघायचंय."

खारू टेबलापाशी बसली होती. कुणी सांगायच्या आधीच तिने डावा हात मांडीखाली घातला होता, त्यावर सगळा भार देऊन बसली होती, आणि आता बांधायला येणार म्हणून डोळे मिटून घेतले होते. मावशी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तिने नातीचा हात मांडीखालून काढला, टेबलावर ठेवला. हाताला मुंग्या आल्या होत्या, खारू बोटं झटकायला लागली. दोन्ही हातांची.

"इकडे बघ," आजी म्हणाली, आणि तिने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. उजव्या हाताचा अंगठा हलवला. डावा अंगठा हलला. मग तर्जनी, मग मधलं बोट. मागे उभ्या असलेल्या लेकीचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

खारूने आधी हात बघितले, मग आजीचं तोंड बघितलं, ही थट्टा आहे की काय म्हणून. मग पुन्हा हात.

"तुझा पण ऐकत नाही?"

"नाही. कधीच ऐकला नाही."

"मुद्दाम करतेस?"

"नाही गं. मी पोटात होते ना, तेव्हा माझ्या डोक्यातून हातांकडे धागे निघाले. त्यातल्या काहींना वाटेत पलीकडे जायचं होतं, ते गेलेच नाहीत. म्हणून एका हाताला सांगितलं की दोघांनाही ऐकू जातं. तुझेही तसेच निघाले असणार. यात हाताचा काही दोष नाही, आणि तुझाही नाही."

खारूने यावर बराच विचार केला. डाव्या हातावरची खूण तिने उजव्या बोटाने चाचपली. मग तिने मान वर केली.

"मग तू मला का रागावायचीस?"

मावशीला उत्तरं पुष्कळ सुचली. आईने मलाही बांधलं होतं. तुझ्या भल्यासाठीच. मला माहीत नव्हतं. सगळी खरीच होती, आणि त्या डोळ्यांसमोर एकही टिकेना.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

लेक येऊन खारूच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. खारूने दोघींकडे बघितलं. मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी बघून मुलांना जी घाई सुटते ती तिला सुटली. तिने वही पुढे ओढली, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. दोन अक्षरं झाली आणि वही सरकली, कारण धरायचा तो डावा हात शेजारी टेबलावर आपली वेगळी अक्षरं काढत होता. तिने वही परत ओढली. ती परत सरकली.

"आजी, तू धर ना," ती म्हणाली. "माझे दोन्ही लिहितायत."

मावशी पुढे झुकली आणि दोन्ही हातांनी वहीच्या दोन्ही कडा दाबून धरल्या.

"घट्ट धर हं," खारू म्हणाली आणि तिने तिसरं अक्षर काढलं.